सकाळच्या स्मूदीत नेमकं काय घालावं? (लेक बारावीची, सासूबाईंना मधुमेह)

सई_गोदाकाठ
नमस्कार मंडळी,
लेक यंदा बारावीला आहे. सकाळी साडेसहाचा क्लास, त्यामुळे नाश्ता रोजच राहतो. पोहे, उपमा काहीही करून ठेवलं तरी "आई, उठल्या उठल्या घास उतरत नाही" हे ठरलेलं. पण ग्लासात काही दिलं तर चपला घालता घालता पिऊन जाते. म्हणून रोज स्मूदी करून द्यायचं मनात आहे. नुकतंच हिमोग्लोबिन तपासलं तर १०.२ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात, तेव्हा जे काही देईन त्यातून तिच्या अंगी लागावं असं फार वाटतं.

एका व्हिडिओत 'हेल्दी' म्हणून दाखवलेली कृती अशी: एक केळं, वाटीभर आंब्याच्या फोडी, पाच खजूर, मोठा चमचा मध, ग्लासभर पॅकबंद संत्र्याचा रस आणि वरून चिया. चवीला छानच लागत असणार. पण रोज द्यावी का?

दुसरं म्हणजे सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह आहे. मिक्सरचा आवाज आला की "मला पण दे गं घोटभर" म्हणतात. त्यांना नाही म्हणायला जीव होत नाही. दोघींना चालेल असं काही आहे का?

पेठेतला_बंडू
आमच्याकडे केळं कुस्करून दुधात साखर घालून पिढ्यान् पिढ्या खातात. शिकरण म्हणतात त्याला. मिक्सर लागत नाही, वीज लागत नाही, व्हिडिओ तर मुळीच लागत नाही. :)

चिंगी
बंडू, शिकरणात चिया टाकून काचेच्या उंच ग्लासात दे आणि दोनशे ऐंशी रुपये लाव. एफसी रोडला रांग लागेल!

आहारविहार
सई, मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला असते. कॉलेजच्या मुलींबरोबर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या व्हिडिओतल्या ग्लासाचा हिशोब करू. मध्यम केळ्यात साखर साधारण १४ ग्रॅम. वाटीभर आंब्यात २० ते २२. पाच खजुरांत २५ धरा. मोठा चमचा मध म्हणजे १७. संत्र्याचा पॅकबंद रस २०० मिली म्हणजे १८च्या आसपास. बेरीज गेली ९५ ग्रॅमच्या घरात! आणि प्रथिनं? जेमतेम चार-पाच ग्रॅम.

यातली सगळीच साखर सारखी वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक सूचना दिली तिच्यात अख्ख्या फळातली साखर मोजलेली नाही. वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस हे मात्र मोजलंय. ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. इथे नुसता मध आणि रस मिळूनच ३५ झाले.

आता उलट बाजूने बघू. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०२०च्या तक्त्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं, १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३२ मिलिग्रॅम लोह लागतं. सकाळचं खाणं म्हणून जर हा ग्लास देणार असशील तर यातला चौथा हिस्सा तरी त्यातून जायला हवा. नुसत्या फळांतून तो जाणं शक्य नाही. म्हणून माझं सरळ मत: स्मूदीची सुरुवात फळापासून करूच नये. आधी प्रथिनं कुठून येणार ते ठरवावं, मग फळ एकच घ्यावं.

घरात असतंच त्यातून: २०० मिली दुधात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं. मोठी वाटी दह्यात पाच. भाजलेले शेंगदाणे मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, त्यात पाच. डाळ्याचं किंवा सातूचं पीठ दोन-तीन चमचे, त्यात चार-पाच. यातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की पंधरा ग्रॅम झाले. मध, रस, सिरप यांना पूर्ण रजा. गोडीला एखादा खजूर पुरे.

रानजाई
आहारविहार, फार छान लिहिलंत. सातूचं पीठ खरंच उत्तम. भाजलेलंच असतं, त्यामुळे कच्चट लागत नाही. आमच्याकडे गहू, डाळं आणि थोडं जिरं-सुंठ घालून दळून आणतात. ताकात घातलं तरी चालतं, दुधात तर चालतंच.

नाचणीबद्दल मात्र एक सांगते, कारण हल्ली बऱ्याच कृतींत 'दोन चमचे नाचणीचं पीठ टाका' असं सरसकट लिहिलेलं असतं. कच्चं पीठ टाकू नये. चव तर मातकट येतेच, शिवाय कच्ची पिठं पोटाला बाधतात. मी रात्री दोन चमचे नाचणी सत्त्व वाटीभर पाण्यात कालवून मंद गॅसवर शिजवते. आधी पातळ राखाडी दिसतं. मग अचानक घट्ट होऊन चमच्याला चिकटायला लागतं आणि रंग तपकिरी-जांभळट होऊन चमक येते. तिथे गॅस बंद. गार झालं की फ्रीजमध्ये. सकाळी तोच गोळा मिक्सरमध्ये टाकला की स्मूदीला जो दाटपणा येतो त्यापुढे बर्फ, आइस्क्रीम कशाचीच गरज राहत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. धान्यांत दुसरं कुणी तिच्या जवळपासही नाही.

हिरवाई
मी तर रोज हिरवी स्मूदी घेते. पालक एक जुडी, कच्चा दुधी, काकडी, कोथिंबीर, लिंबू. रिकाम्या पोटी. सासूबाईंसाठी अगदी योग्य, साखर शून्य!

डॉ_सातपुडा
हिरवाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण तुमच्या यादीतल्या दोन गोष्टींवर मला थांबावंसं वाटतं, कारण नवीन वाचणारे आंधळेपणाने करतील.

पहिली गोष्ट कच्चा दुधी. दुधी, काकडी, पडवळ, दोडका या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी अगदी थोडी, पण एखाद्या फळात ती भलतीच वाढतात आणि बाहेरून कळत नाही. कडू दुधीचा रस पिऊन जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली येणं असे प्रकार होतात. आपल्या देशात यात माणसं गेली आहेत. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१२ साली त्यांच्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये तो अहवाल छापून आला. त्यांचा सल्ला सोपा आहे: रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा, किंचितही कडू लागला तर फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. मिसळू नका यासाठी, की लिंबू, पुदिना, आवळा घातला की कडवटपणा झाकला जातो. यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. माझं वैयक्तिक मत त्याहून कडक आहे: दुधी शिजवूनच खावा. भाजी करा, थालीपिठात किसून घाला, ग्लासात नको.

दुसरी गोष्ट रोजची एक जुडी कच्चा पालक. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला कारण होणारं द्रव्य, फार. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडविकारांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांच्या बाईंची केस आली होती. हिरव्या स्मूदीचा 'क्लीन्स' करता करता त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांची आधी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच अँटिबायोटिक्स घेतलेली होती, म्हणजे धोका आधीच वाढलेला होता. धडधाकट माणसाने कधीतरी मूठभर पालक घातला तर काहीही होत नाही. पण ज्यांना मुतखडा झालाय, ज्यांचं क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे, किंवा बरीच वर्षं मधुमेह आहे अशांनी रोज जुडी-जुडी कच्चा पालक पिऊ नये. आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो.

हिरवाई
बापरे, दुधीचं माहीतच नव्हतं. बिया काढून टाकते, पण चाखून कधी बघत नाही. उद्यापासून बंद. पालकाऐवजी काय घालू?

डॉ_सातपुडा
ऑक्झलेट कमी असलेलं हवं तर कोथिंबीर, पुदिना. आणि पालक आवडतोच, तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून ते पाणी ओता. बरंचसं ऑक्झलेट पाण्याबरोबर जातं.

सई, तुमच्या लेकीबद्दल सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. लोहाची गोळी ती कधी घेते? दुधाच्या किंवा दह्याच्या स्मूदीबरोबर घेत असेल तर गोळीतलं बरंच लोह वाया जाईल. कॅल्शियम लोह शोषू देत नाही, आणि चहाही तेच करतो. गोळी आणि दूध यात दोन तासांचं अंतर हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शिवाय १०.२ म्हणजे उपचार गोळीने होणार, स्मूदी फक्त सोबतीला. गोळ्या मध्येच सोडू देऊ नका.

सई_गोदाकाठ
डॉक्टर, गोळी ती सकाळी दुधाबरोबरच घेते हो! पोटात मळमळतं म्हणून मीच दूध देत होते. आजच वेळ बदलते. रात्री जेवणानंतर दोन तासांनी चालेल ना?

डॉ_सातपुडा
चालेल. मळमळत असेल तर झोपताना घेतलेली बरी पडते.

पेठेतला_बंडू
आता मस्करी बाजूला ठेवून विचारतो. फळ चावून खाण्याऐवजी पिण्यात फायदा काय? सफरचंद चावून खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं, रस प्यायलो की अर्ध्या तासात भूक. मुलीला एक केळं आणि मूठभर शेंगदाणे हातात दिले तर काम होत नाही का?

टेम्सकाठ
बंडू यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. सफरचंदावर असा प्रयोग झालेला आहे. जेवणाआधी काहींना अख्खं सफरचंद, काहींना त्याचा गर, काहींना रस दिला. अख्ख्या सफरचंदाने पोट सर्वांत जास्त भरलं, रसाने सर्वांत कमी, गर मधोमध. इकडे ब्रिटनमध्ये एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, सांगणंही हेच आहे की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच्या वर नको, आणि कितीही प्यायलं तरी फळं-भाज्यांच्या पाच भागांपैकी तो एकच भाग धरायचा. दुकानातली बाटली बहुतेकदा २५० मिलीची असते, तेव्हा बघा.

आहारविहार
टेम्सकाठ, एनएचएसचा तो नियम फळांच्या रसाच्या स्मूदीला धरून आहे. दूध, दाणे, नाचणी घातलेला ग्लास हे वेगळं प्रकरण, ते पातळ जेवणच आहे. त्यात चोथा राहतो, कारण आपण गाळत नाही. आणि काही छोट्या प्रयोगांत असंही दिसलंय की बिया असलेली फळं मिक्सरमधून काढली तरी रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही. बिया फुटून त्यातला चोथा आणि स्निग्धांश मिसळतो म्हणून असेल. तरी बंडू, तुमचा मुद्दा सासूबाईंच्या बाबतीत शंभर टक्के खरा. दात शाबूत असतील तर त्यांनी पेरू चावूनच खावा.

पेठेतला_बंडू
शंभर टक्के खरा म्हणालात, प्रिंट काढून बायकोला दाखवतो!

वैद्य_सदानंद
मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. इथे अजून विरुद्धाहाराचा, म्हणजे एकत्र खाऊ नयेत अशा पदार्थांचा, विषय कुणी काढला नाही याचं नवल वाटलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २६व्या अध्यायात दुधाबरोबर आंबट फळं वर्ज्य सांगितली आहेत. स्ट्रॉबेरी, अननस, संत्रं दुधात फिरवून रोज पिणाऱ्यांमध्ये मला त्वचेच्या आणि सर्दी-कफाच्या तक्रारी जास्त दिसतात. गोड पिकलेला आंबा दुधात चालतो. बाकी फळ वेगळं आणि दूध वेगळं घ्यावं.

चिंगी
म्हणजे बंडूचं शिकरण गेलं!

डॉ_सातपुडा
वैद्यबुवा, आदर राखून असहमत. दूध पोटात गेल्यावर तिथल्या आम्लाने फाटतंच, संत्रं असो वा नसो. दूध आणि आंबट फळ एकत्र घेतल्याने त्वचेचे विकार होतात असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. ज्यांना लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही त्यांना दुधाने त्रास होतो, त्याचा दोष बऱ्याचदा बिचाऱ्या फळावर जातो.

वैद्य_सदानंद
आपापला अनुभव. प्रकृती बघून ठरवावं एवढंच माझं म्हणणं.

सुगरण_माजघर
वैद्य आणि डॉक्टरांच्या वादात मी स्वयंपाकघरातून बोलते. अननस आणि दूध मिक्सरमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवा आणि मग चाखा. कडू! पपई आणि किवीचंही तेच. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि ते तुकडे कडू लागतात. म्हणून ही फळं दुधाबरोबर घ्यायची तर केल्या केल्या पिऊन टाकावीत, बाटलीत भरून क्लासला द्यायची नाहीत. अननसाच्या फोडी तव्यावर चार-पाच मिनिटं चांगल्या गरम करून घेतल्या तर विकर निकामी होतं आणि मग कडू होत नाही. वर कॅरमलसारखा वास येतो तो वेगळाच!

माझ्या घरची वाटणी सोपी आहे. आंबट फळ दह्यात, गोड फळ दुधात. चवीलाही तेच जमतं.

केळीबाग
मी जळगाव जिल्ह्यातला केळी उत्पादक. केळ्यावर कोणी काही बोलेना म्हणून लिहितो.

स्मूदीला केळं घ्यायचं तर सालीवर बारीक तपकिरी ठिपके आलेलं घ्या. ते आतून पिकलेलं असतं, गोडी पूर्ण उतरलेली असते, वरून मध-साखर लागत नाही. पिवळंधमक, एकसारखं, पण देठ हिरवा आणि आत कडक असं केळं घाईने पिकवलेलं असू शकतं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूने रायपनिंग चेंबरमध्ये पिकवायला परवानगी आहे, आणि त्यात गैर काही नाही, फळात नैसर्गिकरीत्या तोच वायू तयार होतो. लोक या दोन्हीला 'केमिकल' म्हणून एकाच तराजूत तोलतात, त्याचं आम्हा शेतकऱ्यांना वाईट वाटतं.

जास्त पिकलेली केळी फेकू नका. सोलून, चकत्या करून, ताटलीत सुट्या सुट्या फ्रीझरला ठेवा आणि कडक झाल्या की डब्यात भरा. बर्फ न घालता स्मूदी गार आणि मऊ होते.

टेम्सकाठ
केळीबाग, केळ्याच्या विरोधात नाही, पण एक मजेशीर गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या संशोधकांनी काही जणांना बेरीची आणि केळ्याची अशा दोन स्मूद्या दिल्या आणि रक्तात फ्लॅव्हॅनॉल किती पोचतात ते मोजलं. हृदयाला चांगले मानले जाणारे हे घटक कोको, द्राक्षं, बेरी, सफरचंद यात असतात. केळ्याच्या स्मूदीबरोबर ते ८४ टक्के कमी पोचले. कारण केळं कापल्यावर काळं पडतं ते ज्या विकरामुळे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, तेच फ्लॅव्हॅनॉलचा फडशा पाडतं. म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी महाग घेऊन तिच्यात केळं घातलं की तिचा हा एक फायदा बराचसा गेला. प्रयोग छोटा होता, मोजकीच माणसं होती, पण कारण पटण्यासारखं आहे.

केळीबाग
मग केळ्याबरोबर केळंच खा, की प्रश्न मिटला. :) पोटॅशियम, बी६, ताकद, सगळं त्यात आहेच. नाचणी, दाणे आणि दूध यांच्याशी केळ्याचं काही भांडण नाही ना?

टेम्सकाठ
मुळीच नाही. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, कोको यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवायचा, बस.

जिममास्टर_ठाणे
एवढा हिशोब कशाला? व्हे प्रोटीनचा एक स्कूप, २४ ग्रॅम, विषय संपला.

आहारविहार
सतरा वर्षांच्या मुलीला, जी व्यायामशाळेत घाम गाळत नाही, तिला कशाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय. बऱ्याच पावडरींत वरून साखर आणि कृत्रिम स्वाद असतात. शेंगदाणे, डाळं, दूध, अंडी परवडतात आणि पुरतात. तुमच्यासारख्यांची गरज वेगळी असू शकते, ते मान्य.

जिममास्टर_ठाणे
ठीक. पण अंडं म्हणालात म्हणून विचारतो, कच्चं अंडं स्मूदीत? आमच्याकडे बरेच जण घालतात.

डॉ_सातपुडा
नको. साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो, आणि कच्च्या पांढऱ्या भागातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व शोषू देत नाही. उकडून बाजूला खा, प्रथिनंही जास्त चांगली पचतात.

रानजाई
चियाचा विषय राहिलाच. सई, चिया वाईट नाही, पण महाग आहे आणि आपल्याकडे अळीव, सब्जा, जवस असताना अडत काहीच नाही.

अळीव भिजवून बघा. चमचाभर तांबूस दाणे अर्धी वाटी पाण्यात टाकले की तासाभरात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत पदर चढतो आणि वाटी भरून येते. लोह भरपूर. बाळंतिणीला उगाच नाही अळिवाचे लाडू देत. चव किंचित तिखटसर असते, म्हणून केळ्यापेक्षा संत्र्याबरोबर किंवा नारळाच्या दुधात छान लागतात. नारळाच्या दुधात कॅल्शियम फारसं नाही, त्यामुळे लोहाला आडकाठी कमी, आणि संत्र्या-पेरूतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. पेरूत १०० ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. गर्भार बायकांनी मात्र अळीव टाळायची आपल्याकडे रीत आहे. ती पाळलेली बरी.

जवस भाजून, कुटून घाला. अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. कुटलेली पूड फ्रीजमध्ये, थोडी थोडी. तेल खवट होतं. आणि चिया, सब्जा, अळीव काहीही असो, कोरडं तोंडात टाकून वरून पाणी प्यायचं नाही. घशात फुगून अडकू शकतं. भिजवूनच.

डॉर्टमुंडची_मीरा
इकडे जर्मनीत सगळे गोठवलेल्या बेरीच्या पिशव्या आणतात. स्वस्त, आणि पोषणमूल्य ताज्याइतकंच. पण आम्ही त्या एक उकळी आणून मग वापरतो. २०१२ मध्ये इथे गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरसची साथ पसरली, सुमारे अकरा हजार लोक आजारी पडले, बहुतेक शाळकरी मुलं. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. आता भारतातही मॉलमध्ये अशी पाकिटं दिसतात, म्हणून सांगितलं.

नवखा_निनाद
मी वसतिगृहात राहतो. मिक्सर नाही. मला या धाग्यातून काही मिळेल का?

पेठेतला_बंडू
निनाद, आता माझं ऐकायची वेळ आली! झाकणाची बाटली घे. ताक, दोन-तीन चमचे सातूचं पीठ, मीठ, जिरेपूड. झाकण लावून खळखळ हलव. सोबत एक केळं आणि मूठभर शेंगदाणे. पन्नास रुपयांच्या आत नाश्ता.

आहारविहार
बंडू, हे मात्र उत्तमच सांगितलंत. निनाद, पीठ आधी थोड्याच ताकात कालव, मग बाकीचं ओत, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत.

सई_गोदाकाठ
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसूनही समजावलं नसतं. सगळं वाचून गेले काही दिवस करून बघितलं, ते लिहिते.

लेकीसाठी: रात्री रानजाईंच्या पद्धतीने नाचणी सत्त्व शिजवून ठेवते. सकाळी त्यात ग्लासभर दूध, ठिपकेवालं अर्धं केळं, भाजलेले शेंगदाणे, चमचाभर भाजलेले तीळ आणि एक खजूर. दाणे आणि तीळ आधी कोरडेच फिरवून घेते, मग दूध ओतते, नाहीतर दातात येतात आणि ती कुरकुर करते. गोळी आता रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. रविवारी क्लास नसतो, त्या दिवशी नारळाचं दूध, संत्रं आणि भिजवलेले अळीव. अळिवाला तिने आधी नाक मुरडलं, पण संत्र्याबरोबर प्यायली.

सासूबाईंचं त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोड स्मूदी नकोच. ग्लासाचा मोह असेल तर ताकातली नाचणीची आंबील द्या, तीही वाटीभरच, आणि त्या जेवणातली अर्धी भाकरी कमी करा. ग्लुकोमीटर घरात आहे, आंबील घेतल्यावर दोन तासांनी बघतेय. आतापर्यंत आकडे ठीक आहेत. जिरं आणि कढीपत्त्याची फोडणी दिली की त्या खूश असतात. पेरू मात्र फोडी करून, चावूनच खातात.

डॉ_सातपुडा
अगदी योग्य. जेवणाबरोबर भाकरी कमी करणं हे बरेच जण विसरतात, तुम्ही लक्षात ठेवलंत हे फार चांगलं केलं. लेकीचं हिमोग्लोबिन सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासा.

सुगरण_माजघर
सई, ग्लास बाटलीत भरून देणार असशील तर नाचणीची स्मूदी दोन तासांत दाट होऊन बसते. पाव कप दूध जास्त घाल. आणि उन्हाळ्यात दुधाची बाटली दप्तरात नको, घरीच पिऊन जाऊ दे.

सई_गोदाकाठ
हो, घरीच पिते. एक शेवटचा प्रश्न, एप्रिल आला की ती आंब्याशिवाय कशालाच हात लावणार नाही. तेव्हा काय करू?

आहारविहार
आंबा दे की! अर्धी वाटी फोडी, त्या दिवशी केळं आणि खजूर दोन्ही बंद. नाचणी, दूध, दाणे तसेच राहू देत.

केळीबाग
आंब्याच्या महिन्यात आम्ही काही मनावर घेत नाही. :)